मराठी रॅपचा बाप कोण?

आजचा विषय आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी भांडण लावतो. एक जण म्हणतो, रॅप म्हणजे अमेरिकेतून उचललेला माल. लगेच दुसरा फॉरवर्ड टाकतो, जगातले पहिले रॅपर म्हणजे आपले शाहीर. मला दोन्ही पटत नाही. दुसरं तर अजिबातच नाही, कारण त्यात शाहीर काय करायचे तेही कळत नाही आणि रॅपर काय करतो तेही.

आधी तारीख सांगून टाकतो. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स, १५२० सेजविक ॲव्हेन्यू. जमैकाहून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, त्या तुकड्यावर पोरं सगळ्यात जास्त नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या, दोन टर्नटेबल. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच तुकडा. आमच्या भाषेत लूप! त्या लूपवर माईक धरून बोलणं सुरू झालं, ते १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’मुळं जगभर गेलं. यात आपल्या शाहिरांचा काही हात नाही. एवढं मान्य करून पुढं जाऊ.

मग मराठी रॅप ऐकताना ‘अरे, हे कुठंतरी ऐकलंय’ असं का वाटतं?

मी पिंपरी पेंढारचा. म्हणजे कल्याण-नगर रोड, ओतूर सोडलं की आळेफाट्याच्या अलीकडे. इथून नारायणगाव जवळ, आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांचा सीझन तोंडावर आला की तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात आणि सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपती पुरस्कार. त्या २००२ मध्ये गेल्या. आमच्या पिढीनं त्यांना पाहिलं नाही, पण जत्रेत रात्रीचा तमाशा आणि सकाळची हजेरी बघतच आम्ही मोठे झालो.

आता फडातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पुढं उभा राहून बोलणारा शाहीर आणि त्याच्या मागं ‘जी जी’ करणारे झीलकरी. झीलकऱ्याचं काम काय? शाहिराला दम घ्यायला जागा देणं, ओळीचं शेपूट उचलणं, पब्लिक पेटतं ठेवणं. रॅपरच्या शेजारी दुसरा माईक घेऊन ओरडणारा हाईप-मॅन हेच करतो. आणि शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घालतो, गावाचं नाव घालतो, गुरूचं घालतो. रॅपर सुरुवातीलाच घालतो, एवढाच फरक. तसा आपला शाहीर जास्त सभ्य म्हणायचा.

सगळ्यात जवळचं नातं मात्र भांडणाचं आहे. कलगी-तुरा ऐकलाय? दोन पक्ष. कलगीवाले म्हणणार शक्ती मोठी, तुरेवाले म्हणणार शिव मोठा. डफ-तुणतुणं घेऊन समोरासमोर बसायचं, एकानं काव्यात कोडं घालायचं, दुसऱ्यानं काव्यातच सोडवायचं आणि वर उलटं कोडं घालायचं. उत्तर नाही आलं तर इज्जत गेली. कोकणात हे आजही जोरात आहे, शक्ती-तुरा म्हणून. रत्नागिरीकडचे चाकरमानी मुंबईत हॉल बुक करून सामने लावतात, दोन बुवांचे फोटो बॅनरवर आमनेसामने. यूट्यूबवर तासातासाची रेकॉर्डिंग पडलीत. बॅटल रॅप बघणाऱ्यांनी त्यातलं एक तरी बघावंच. समोरच्याची अब्रू काढायची, पण तालात आणि दुहेरी अर्थानं, की त्यालाही हसू यावं.

दिसायला हे सगळं सारखं आहे, पण मला जास्त इंटरेस्ट आहे तो भाषेत. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळं यमक फुकटात मिळतं. येतो, जातो, खातो, पितो. चार ओळी झाल्या की ऐकणारा कंटाळला. मराठीत रॅप जमत नाही असं बरेच जण म्हणायचे, त्याचं अर्धं कारण हेच असावं असं मला वाटतं. यावर इलाज दोन. एक, क्रियापद मध्येच टाकायचं आणि ओळ नामावर आपटायची. दोन, यमक शेवटी न ठेवता ओळीच्या पोटात पेरायचं. हा दुसरा इलाज सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईतच करून ठेवलाय. त्यांच्या लावण्या मोठ्यानं वाचा, एका ओळीत तीन-तीन जागी शब्द एकमेकांवर आपटतात. आजच्या पोरांकडं तिसरा इलाजही आहे. डेटाला फेटा जुळवा, सर्व्हरला घरवर. फोनमधले इंग्रजी शब्द आपल्या शब्दांशी कसे मस्त भिडतात बघा.

मुंबईत २०१४ ला नेझीनं कुर्ल्यात आयपॅडवर ‘आफत’ शूट केलं. २०१५ ला त्याचं आणि डिव्हाइनचं ‘मेरे गली में’ आलं, आणि २०१९ ला ‘गली बॉय’ सिनेमा. व्हिडिओला कंपनी लागत नाही हे त्यातून सगळ्यांना कळलं. पण भाषा मुंबईची हिंदी. पुण्यात ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन आला, २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, त्याचीही भाषा पुण्याच्या बस्तीतली हिंदी. मला स्टॅन आवडतो. पण त्याच्यानंतर आमच्याकडचीही पोरं कांद्याच्या वावरात उभं राहून बस्तीची हिंदी बोलायला लागली, हे काही बरं नाही.

याला उत्तर अमरावतीतून आलं. सौरभ अभ्यंकर. नाव लिहिताना ‘सौ’च्या जागी १०० हा आकडा. हा गडी वऱ्हाडीत रॅप करतो, ‘काहून’ आणि ‘रायलो’ सकट, आणि तीच वऱ्हाडी घेऊन २०२४ मध्ये एमटीव्ही हसलच्या स्टेजवर उभा राहिला. त्याच्या आधी मुंबईच्या ‘स्वदेशी’नं २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. म्हणजे ज्यांचं जंगल, त्यांचाच आवाज. २०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ तर जगभरच्या क्लबमध्ये वाजलं. ते खरं तर हाऊस म्युझिक, पण बोल मराठी आणि तोऱ्यात.

आता फॉरवर्डवाल्यांना एक सांगायचंय. शाहिरांचा वारसा म्हणून मिरवताना त्यातला अर्धा भाग का गाळता? तमाशा उभा केला तो मुख्यतः दलित आणि भटक्या समाजांतल्या कलावंतांनी. गावानं रात्रभर शिट्ट्या मारल्या आणि सकाळी त्यांना वेशीबाहेर ठेवलं. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं होतं. अण्णाभाऊंनी तोच तमाशा लोकनाट्य म्हणून लोकांपुढं नेला. ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गेली. आणि एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. कशासाठी? खोक्यांच्या राजकारणावर केलेल्या रॅपसाठी. त्याच महिन्यात मुंबईत उमेश खाडेवर. ‘शाहीर म्हणजे आपली शान’ म्हणणाऱ्या माझ्या ग्रुपमध्ये त्या दिवशी सगळे चिडीचूप होते. कुणी एक स्टेटससुद्धा ठेवलं नाही.

म्हणून ‘बाप कोण’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. लूप ब्रॉन्क्सचा. पण माणसानं आपल्याच बोलीत, आपल्याच गावाचं नाव घेऊन, मोठ्या माणसाला तोंडावर बोलायचं, ही सवय मराठीत आधीपासून होती. रॅपनं तिला स्वस्तातलं स्टेज दिलं. फडाला ट्रक लागतो, तंबू लागतो, पन्नास-शंभर माणसांचं जेवण लागतं. रॅपरला फोन पुरतो. त्यामुळं फड कमी होत चाललेत आणि रॅपर वाढत चाललेत.

एक गोष्ट मात्र खटकते. बीट बनवणारे माझे मित्र ढोलकीचा सॅम्पल परदेशी वेबसाइटवरून पैसे भरून घेतात. आणि नारायणगावात, बाईकवरून जाता येईल एवढ्या अंतरावर, तीच ढोलकी खरी वाजवणारे हात बसलेत. यंदा राहुट्या लागतील तेव्हा एक चांगला रेकॉर्डर घेऊन मी जाणार आहे. कलाकारांना विचारून, त्यांचं मानधन देऊन, ढोलकी, हलगी आणि झीलकऱ्यांची ‘जी जी’ वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायची. जुन्नर-आंबेगावमधलं कुणी ‘ह्यो’, ‘त्यो’, ‘कव्हा’ म्हणत लिहीत असेल, तर चार ओळी व्हॉइस नोटवर पाठवा. हिंदीतल्या नकोत, त्या माझ्याकडं भरपूर आल्यात.