पक्वन, फळांचे : काढणीनंतरचे

झाडावरून उतरविलेल्या फळाच्या जिवंत पेशींत श्वसन व विकरे यांच्या योगे चालू राहणारी रूपांतराची क्रिया. केळी, आंबा, पपई, चिकू, सीताफळ ही फळे जून झाल्यावर उतरविली तरी पुढे पिकतात. अननस, संत्रे, द्राक्ष, लिची यांना ते सामर्थ्य नसल्यामुळे ती तयार झाल्यावरच तोडावी लागतात.

पहिल्या वर्गातील फळांत पक्वनाच्या आरंभी श्वसनाचा वेग एकाएकी वाढतो व एथिलीन वायू उत्पन्न होऊन तो ही क्रिया आणखी चेतवितो. फळ हा वायू स्वतःच निर्माण करते, हे गेन या ब्रिटिश संशोधकाने १९३४ मध्ये सफरचंदांच्या अभ्यासातून सिद्ध केले. हिरव्या केळ्याच्या गरात शेकडा २० ते २५ असलेला स्टार्च पूर्ण पिकल्यावर शेकडा १-२ इतकाच उरतो, कारण त्याची शर्करा होते. त्याबरोबरच पेक्टिनाचे विघटन होऊन गर मऊ पडतो, टॅनिने बद्ध होऊन तुरटपणा जातो आणि हरितद्रव्य नाहीसे होऊन सालीचा दडलेला पिवळा रंग उघड होतो.

या क्रियेवर तापमानाचा मोठा परिणाम होतो; उदाहरणार्थ, भोपाळचे हवामान तिला दोन्ही टोकांनी प्रतिकूल आहे. मध्य प्रदेशातील केळीचे मुख्य आगर तापीकाठचा बऱ्हाणपूर जिल्हा; अशा प्रदेशातून येणारा हिरवा माल मे महिन्यात, कमाल तापमान ४०° से.च्या आसपास असता, उघड्यावर ठेवला, तर गर मऊ होतो पण साल हिरवीच राहते. उलट जानेवारीच्या रात्री पारा १३° से.च्या खाली उतरला की सालीवर काळसर छटा येऊन पक्वन खुंटते. म्हणून वखारीत १६° ते १८° से. तापमान व शेकडा ९० ते ९५ आर्द्रता यांचा बंदोबस्त करून सुमारे २४ तास एथिलीन देतात आणि साचलेला कार्बन डाय-ऑक्साइड वेळोवेळी बाहेर सोडतात. आंब्यासाठी कोकणात भाताच्या पेंढ्याची अढी घालतात, उत्तरेकडे पाल लावतात. दोहोंत फळांचाच वायू व ऊब कोंडून धरण्याची तजवीज असते.

कॅल्शियम कार्बाइडापासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षा विनियम, २०११ अन्वये मनाई आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांच्या विषारी संयुगांचा अंश असतो. एथिलिनास मात्र दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत मुभा आहे.

वखारीतील सारी दक्षता काढणीच्या वेळेवर अवलंबून असते. केळ्याचे कंगोरे बुजून ते गोलसर व्हावे, आंब्याचे खांदे देठाच्या वर यावेत, सीताफळाचे डोळे उघडावेत, या जूनपणाच्या खुणा होत. वायूने पक्वनाला केवळ चालना मिळते. कोवळ्या फळात स्टार्चाचा संचयच अपुरा असल्यामुळे ते रंगाने पिकलेले दिसले, तरी त्यास गोडी व स्वाद येत नाही.