कागदाची साक्ष आणि मातीची साक्ष

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामाचा पूर्ववृत्तांत लिहून द्यावा, असा आग्रह आष्ट्यांतील अनेक कुटुंबांनीं आम्हांस केला. नोंदवह्या उघडल्या, तों बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या ओळी मिळाल्या. परंतु आरंभीं ज्या घरांत माणसें प्रार्थनेस जमत तें घर नेमकें कोणतें, याविषयीं प्रत्येक वृद्धाचें सांगणें निराळें निघालें. अशा वेळीं इतिहास लिहिणारानें काय करावें? पंडितांसही हा प्रश्न पडतो. त्यांनीं तो एके ठिकाणीं कसा सोडविला, तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोल्हापूर आपणांस परकें नाहीं. तेथील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित या पंडितांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकाळचीं विटांचीं घरें उघडीं पडलीं. त्याच टेकडींत सांपडलेली समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति आपल्यापैकीं कित्येकांनीं टाउन हॉलच्या संग्रहालयांत पाहिली असेल. पाश्चात्त्य घडणीची ती मूर्ति पंचगंगेच्या कांठीं आली, त्या अर्थीं दूरच्या समुद्रापलीकडे आपल्या मुलखाचा व्यापार चालत असला पाहिजे. हें मातीनें सांगितलें. परंतु त्या घरांत राहणारांचीं नांवें माती सांगत नाहीं. त्यास कागद लागतो. दोहोंची गांठ पडलेली पाहावयाची, तर जुन्या गोव्यास गेलें पाहिजे.

ऑगस्टिनियन मठवासी १५७२ सालीं गोव्यास आले. टेकडीवर त्यांनीं आपला मठ व कृपामातेचें ख्रिस्तमंदिर बांधिलें. त्याचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच होता. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें मठवासीयांस घालवून दिलें. १८४२ सालीं ओस पडलेल्या मंदिराचें छत कोसळलें आणि १९३१ सालीं दर्शनी भिंत व अर्धा मनोरा पडला. त्यांतील मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या मंदिरांत आहे. तेथून जवळच संत फ्रान्सिसच्या मठाच्या इमारतींत १९६४ सालीं पुरातत्त्व खात्यानें संग्रहालय स्थापन केलें. एक मठ असा संग्रहालय झाला. दुसरा मात्र ढिगारा होऊन राहिला.

या ढिगाऱ्याविषयीं एक जुना पोर्तुगीज लेख होता. जॉर्जिया देशांतील काखेतीची राणी केतेवान इराणचा बादशहा शहा अब्बास याच्या कैदेंत वर्षानुवर्षें होती. ख्रिस्तावरील श्रद्धा सोडावी म्हणून तिचा छळ झाला. ती डगमगली नाहीं. १६२४ सालीं शिराझ येथें तिला ठार मारण्यांत आलें. ती ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची होती, ऑगस्टिनियन मठवासी रोमचे. तरीही त्यांनींच तिच्या अस्थी गुप्तपणें काढून नेल्या आणि त्यांतील कांहीं भाग १६२७ सालीं गोव्यास आणिला. पत्रवाचन होई त्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीशीं, मठाच्या सभागृहांत, पाषाणाच्या पेटींत तो ठेविला, असें लेख सांगत होता.

परंतु सभागृहच मातींत गेलेलें. मग खिडकी कोठली? जॉर्जियाहून शोधार्थ माणसें आलीं. पुरातत्त्व खात्यानें १९८९ पासून मठांत उत्खनन चालविलें. भिंती हळूहळू मोकळ्या झाल्या, आणि २००४ सालीं तेथें हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला. तरी पंडितांनीं लगेच घोषणा केली नाहीं. आईकडून अपत्याकडे उतरणारा जो वंशद्रव्याचा अंश, तो हैदराबादच्या प्रयोगशाळेंत तपासण्यांत आला. भारतीयांत आढळला नाहीं, परंतु जॉर्जियाच्या लोकांत आढळतो, असा तो निघाला. २०१३ सालीं हा निर्णय प्रसिद्ध झाला. २०२१ सालीं भारत सरकारनें त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियास अर्पण केला.

आम्हांस याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या मठांतील आणखी दोन अस्थी त्याच वेळीं तपासल्या गेल्या. त्या भारतीय वंशाच्या निघाल्या. ‘याही राणीच्याच’ असें म्हणणें सोपें होतें आणि भाविकांस तें आवडलेंही असतें. पंडितांनीं तसें म्हटलें नाहीं. पहिल्या अस्थीविषयींही ती ‘बहुधा’ राणीची असावी, एवढेंच त्यांनीं लिहिलें. ज्या राणीनें असत्यास मान तुकविण्यापेक्षां मरण पत्करिलें, तिच्या अवशेषांस याहून योग्य आदर कोणता?

म्हणून बंधुभगिनींनो, या महोत्सवांत आमची विनंती एवढीच. माळ्यावर जुनें पत्र, छायाचित्र, क्रूस असेल, तर तो कोणाचा व कोठून आला हें एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. नव्या घराचा पाया खणतांना कोरीव दगड लागला, तर जागा पाहून ठेवल्यावांचून तो हलवूं नका. आजोबांनीं पाहिलेलें आणि आजोबांनीं ऐकिलेलें या दोहोंत भेद राखा. पहिल्या प्रार्थनेचें घर कोणतें, हें आम्हीं या पुस्तिकेंत लिहिलेलें नाहीं. ती ओळ आम्हीं कोरी ठेविली आहे. साक्ष मिळेल तेव्हां पुढचा लिहिणारा ती भरील. तोंवर कोरी ओळ ही खोट्या ओळीपेक्षां आपल्या पूर्वजांचा अधिक मान राखते.