मेलेल्या इंजिनाची परीक्षा

मोशीच्या चौकातून उत्तरेस निघालेला रस्ता इंद्रायणी ओलांडतो, चाकणच्या कारखान्यांमधून वाट काढतो आणि राजगुरुनगर, नारायणगाव, संगमनेर अशी गावे मागे टाकीत नाशकास पोहोचतो. या रस्त्यावरून मोटारींचे सुटे भाग जातात, कांदा जातो, वारकरीही जातात. रस्त्याच्या त्या टोकाला, नाशिकरोडजवळच्या गांधीनगरात, भूदलाचे हेलिकॉप्टर-वैमानिक घडविणारी शाळा २००३ सालापासून आहे, हे मात्र आमच्या या पट्ट्यातील फार थोड्यांच्या ध्यानात असते. २०२४ च्या फेब्रुवारीत, २४ ते २६ तारखांना, मोशीच्याच प्रदर्शन केंद्रात राज्याचे संरक्षण-सामग्रीचे प्रदर्शन भरले, तेव्हा युद्धयंत्रे पाहावयास गर्दी लोटली होती. परंतु प्रदर्शनात दिसते ते यंत्राचे रूप. यंत्राचे वागणे तेथे दिसत नाही. आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत तर वागणे हेच सर्वस्व असते.

हा विचार आमच्या मनात आला तो एका खेळामुळे. संगणकावरचे लढाऊ हेलिकॉप्टर जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर स्थिर धरण्याचा प्रयत्न आम्ही अनेक रात्री केला, आणि अनेक रात्री ते आडवे होऊन पडले. पडद्यावर एकही शत्रू नव्हता. शत्रू होती ती हवा. खेळाने आपल्याला इतके हरवावे, यात करमणूक ती कोणती, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर शोधताना आम्ही जो इतिहास धुंडाळला, तो येथे मांडीत आहोत.

उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रांची कुळकथा वाद्यांच्या कारखान्यात सुरू होते. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनविण्याचा कारखाना होता. १९२९ साली लिंकने तेथील भाते आणि हवेच्या नळ्या वापरून एक लहानसे बुटके विमान उभे केले. आपल्या पेटीच्या भात्याने सूर निघतो. लिंकच्या भात्यांनी विमान डोलू लागले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक या पेटीत बसून ढगांतून उडावयास शिकले. नक्कल ही तेव्हापासून जीव वाचविण्याची विद्या आहे, हे विसरता कामा नये.

घरच्या संगणकावर हेलिकॉप्टर आले ते मात्र करमणूक म्हणून. १९८६ साली मायक्रोप्रोज कंपनीचा ‘गनशिप’ आला. त्या काळच्या संगणकाची शक्ती पाहता त्याने जे साधले तेच पुष्कळ होते. १९९२ च्या ‘कोमांचे’ या खेळाने डोंगरदऱ्यांचे असे देखणे दृश्य दाखविले की लोक पाहतच राहिले. त्यातले उड्डाण मात्र गालिच्यावरून सरकण्याइतके सोपे होते. पुढे १९९६ साली ‘लाँगबो’ आला. १९९८ आणि २००० साली रेझरवर्क्सचे दोन ‘एनिमी एंगेज्ड’ खेळ आले आणि हवेच्या खोड्याही खेळाचा भाग होऊ लागल्या. २००८ साली रशियन कामोव्ह हेलिकॉप्टरवर आधारलेला ‘ब्लॅक शार्क’ आला, तेव्हा नुसते इंजिन सुरू करणे हाच एक धडा होऊन बसला. रूपाकडून वर्तनाकडे, असा हा सुमारे वीस वर्षांचा प्रवास आहे.

वर्तन म्हणजे काय, ते थोडे सांगणे भाग आहे. वैमानिकाच्या डाव्या हातातील दांडा सर्व पात्यांचा कोन एकदम वाढवितो, त्याने यंत्र वर उचलले जाते. उजव्या हातातील दांडा पात्यांचे चक्र कलते करतो, त्याने दिशा मिळते. पायांतील पेडल शेपटीचा पंखा सांभाळतात. आता डावा हात वर ओढला की मोठा रोटर फिरविण्यास अधिक जोर लागतो आणि यंत्राचे धड उलट्या दिशेने वळू पाहते. म्हणून पाय हलवावा लागतो. पाय हलविला की यंत्र बाजूला सरकते. म्हणून उजवा हात हलवावा लागतो. त्याने उचल किंचित घटते. म्हणून पुन्हा डावा हात. हे चक्र कधी थांबत नाही. अमेरिकी हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतो, फ्रेंच आणि रशियन परंपरेतील बहुतेकांचा घड्याळाप्रमाणे. त्यामुळे चीता चालविलेल्या माणसास अपाचेमध्ये पायांची सवय उलटी करावी लागते. आणि कामोव्हला एकावर एक असे दोन रोटर असल्याने शेपटीचा पंखाच नाही.

याखेरीज हवेचे स्वतःचे कायदे आहेत. जमिनीलगत यंत्र थोडक्या शक्तीवर तरंगते. पुढे वेग घेऊ लागले की एका टप्प्यावर रोटर स्वच्छ हवेत शिरतो आणि उचल आपोआप वाढते. याउलट, पुढचा वेग नसताना सरळ खाली उतरू लागले तर यंत्र स्वतःच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते, आणि घाबरून शक्ती वाढवावी तो अधिकच वेगाने कोसळते. त्यातून सुटण्याचा सरळ उपाय म्हणजे पुढे निघून जाणे. घाबरलेल्या माणसाच्या सहजप्रेरणेविरुद्ध जाणारे हे ज्ञान आहे, म्हणूनच ते आधी शिकून ठेवावे लागते.

जुने खेळ हे सारे तक्त्यांतून काढीत: इतका वेग, तर इतकी उचल. नवे खेळ पात्याचे बुडापासून टोकापर्यंत लहान लहान तुकडे कल्पितात, प्रत्येक तुकड्यावरील हवेचा वेग आणि कोन काढतात, आणि त्यांची बेरीज सेकंदाला कितीतरी वेळा करतात. ही पद्धत संगणकाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पंख्यांसाठी ती विकसित होत आली. तरीही गणित असले म्हणजे सत्य हाती आले असे होत नाही. २०१६ साली आलेल्या गॅझेल या फ्रेंच हेलिकॉप्टरच्या खेळावर ‘हे असे उडत नाही’ अशी टीका वर्षानुवर्षे होत राहिली, आणि २०२३ साली त्याचे उड्डाणाचे गणित नव्याने मांडावे लागले. रंग चुकला असता तर कोणी इतके बोलले नसते.

मग नकलेच्या खरेपणाची कसोटी कोणती? आमच्या मते ती एकच आहे: इंजिन बंद पडल्यावर काय होते? साध्या खेळात यंत्र दगडासारखे पडते. वास्तवात ते दगड नसते. वैमानिकाने डावा दांडा तत्काळ खाली केला, तर खालून वर येणारी हवाच रोटर फिरवीत ठेवते. माधवीलतेचे तीन पंखांचे फळ गरगरत उतरते, त्याच जातीची ही गोष्ट. जमीन जवळ येताच नाक वर करून वेग मारायचा, आणि रोटरात साठलेली गती अखेरच्या क्षणी एकदाच खर्चून अलगद टेकायचे. दुसरी संधी नाही. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात.

या विद्येचा सर्वांत मोठा दाखला आपल्या चीता हेलिकॉप्टरच्या घराण्यातलाच आहे. हिमालयातील विरळ हवेत उडू शकेल असे यंत्र भारतीय सेनादलांना हवे होते. त्या गरजेपोटी फ्रान्समध्ये १९६८ साली ‘लामा’चे काम सुरू झाले आणि १९६९ च्या मार्चमध्ये तो प्रथम उडाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनविलेला लामा म्हणजेच आपला चीता. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेला. तेथे शक्ती कमी करताच इंजिन विझले आणि पुन्हा पेटले नाही. एव्हरेस्टहून साडेतीन किलोमीटर अधिक उंचीवरून तो माणूस मेलेल्या इंजिनासह, केवळ हवेच्या आधाराने, सुखरूप खाली आला.

सगळेच असे उतरत नाहीत. १९८४ पासून सियाचिनच्या रसदीचा भार वाहणारी चीता आणि तिची थोरली बहीण चेतक म्हातारी झाली. अपघात होत राहिले. २०१५ साली सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे ही यंत्रे बदलण्याची मागणी केली. त्यांच्या मागणीत उड्डाणाचे गणित नव्हते. पण त्या गणिताची किंमत त्यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? आणि तरीही, २०२२ च्या मे महिन्यात नाशिकच्या त्याच शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. यंत्रे जुनी झाली तरी शिकणारे थांबत नाहीत.

या पार्श्वभूमीवर आमचा रात्रीचा खेळ फारच लहान वाटतो, आणि तो लहानच आहे. खुर्ची हलत नाही, कानातला तोल ढळत नाही, आणि पडल्यावर एक कळ दाबली की यंत्र पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. ही कळ गांधीनगरच्या मैदानावर नाही. म्हणून खेळाने वैमानिक घडतो, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु खोटे उडणारा खेळ आपल्याला सांगतो की हे सोपे आहे, आणि खरे उडू पाहणारा खेळ सांगतो की हे किती कठीण आहे. पहिल्यातून फुशारकी निपजते, दुसऱ्यातून आदर. मोशीवरून एखादे हेलिकॉप्टर गेले की पूर्वी आम्ही नुसते वर पाहत असू. आता त्या माणसाचा डावा हात कोठे असेल, याचा विचार मनात येतो.