गोठ्याच्या अंगणातली कर्दळ

‘फार्महाउस’ हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी सुट्टीच्या दिवसांसाठी. त्याला शेत नसलं तरी चालतं. मेक्सिकन लॉन, दोन रॉयल पाम आणि एक झोपाळा असला की झालं! पण समजा, खरोखरीचं जुनं शेतघर हाती आलं, गोठा, कोठार, गुरांचं अंगण यांसकट, तर त्याच्याभोवती आजच्या माणसानं बाग कशी करावी? जुन्याचं जुनंपण राखावं की आपल्या आवडीनं नवं काही लावावं? या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्स परगण्यात, नॉर्दियम या गावाजवळ आहे. त्या घराचं नाव ग्रेट डिक्स्टर.

हे घर 15व्या शतकाच्या मध्यातलं. लाकडी सांगाड्याचं, उंच दिवाणखान्याचं. पुढे दिवस पालटले, दिवाणखान्यात मजले आणि आडभिंती घातल्या गेल्या आणि एके काळचा हा वाडा शेतीच्या पसाऱ्यात बुडून गेला. 1910 मध्ये नॅथॅनियल लॉइड या निवृत्त मुद्रण-व्यावसायिकानं तो विकत घेतला आणि दुरुस्तीसाठी वास्तुतज्ज्ञ एडविन ल्युटेन्सला बोलावलं. हो, तोच ल्युटेन्स! 1912 मध्ये तो नव्या दिल्लीची जागा ठरवणाऱ्या समितीवर आला, आणि डिक्स्टरचं काम त्याच सुमारास पुरं झालं. शेजारच्या केंट परगण्यातलं एक जुनं लाकडी घर सुटं करून इथं आणलं गेलं आणि मूळ घराला जोडलं गेलं.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा दुसरा निर्णय. श्रीमंत मालकाच्या घराशेजारी गोठे कशाला, असं म्हणून त्यानं ते पाडले नाहीत. धान्याचं कोठार, बियरसाठी लागणारे हॉप्स वाळवण्याची भट्टी, गुरांचे गोठे, सगळं जागच्या जागी ठेवलं आणि त्यांच्याच भिंतींचा बागेला आडोसा केला. कोठारासमोर एक बाग झाली. गुरांच्या अंगणात गुलाबाचे वाफे आले. उरलेल्या बाजूंना यू नावाच्या सदाहरित झाडाची दाट कुंपणं उभी राहिली. म्हणजे बागेचा नकाशा कागदावर नव्यानं काढावा लागला नाही. तो पूर्वीच्या शेतकऱ्यांनी आधीच आखून ठेवला होता. ल्युटेन्सनं तो फक्त ओळखला.

त्या चौकटीच्या आत मात्र बदल थांबला नाही. पहिल्या महायुद्धात कोठारासमोरची हिरवळ खणून भाजीपाला लावला गेला. युद्धानंतर तिथेच नॅथॅनियलनं अष्टकोनी तळं केलं. त्याची पत्नी डेझी हिनं घरासमोरच्या गवतात रानफुलं वाढवली. ते गवत उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत कापतच नाहीत. नेटक्या हिरवळीची सवय असलेल्या पाहुण्यांना तो आळशीपणा वाटे!

धाकटा मुलगा ख्रिस्तोफर लॉइड (1921–2006) पुढे इंग्लंडमधला नामांकित उद्यानलेखक झाला. वयाच्या सत्तरीत त्यानं जे केलं त्यावरून मोठी चर्चा झाली. गुरांच्या अंगणातली गुलाबबाग जवळजवळ 80 वर्षांची झाली होती. एकाच मातीत पुन्हा पुन्हा गुलाब लावले की नवी रोपं नीट जोम धरत नाहीत. 1993 मध्ये त्यानं आणि फर्गस गॅरेट या तरुण उद्यानप्रमुखानं गुलाब उपटले आणि तिथे काय लावलं? कर्दळ, डेलिया आणि केळ! आपल्याकडे मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारी कर्दळ आणि परसातली केळ तिथे नवलाईची. थंडीत त्यांना जपावं लागतं.

अनेकांना हा आईवडिलांच्या आणि ल्युटेन्सच्या स्मृतीचा अवमान वाटला. त्यांचं दुःख मी खोटं मानत नाही. आजोळच्या अंगणातलं प्राजक्ताचं झाड तोडलं तर आपल्यालाही असंच वाटेल. पण इतिहासाच्या दृष्टीनं पाहिलं तर ज्याला लोक परंपरा म्हणत होते ती गुलाबबागसुद्धा एके काळी नवीच होती. तिच्याआधी तिथे गुरं उभी असत. मग खरी परंपरा कोणती? गुलाबांची, गुरांची, की त्या अंगणाचा काळानुसार उपयोग करण्याची?

लॉइडनं भिंती, गोठ्याचं छप्पर, यूची कुंपणं, पायवाटा यांना हात लावला नाही. बदलली ती रोपं, जी मुळातच मर्त्य असतात. मला वाटतं, हा भेद ज्याला कळला त्याला जुनं घर कळलं. जे एकदा गेलं की परत येत नाही ते जपावं. जे दरवर्षी नव्यानं उगवतं त्यात मोकळेपणानं प्रयोग करावेत.

लॉइड गेल्यानंतर एका न्यासाकडे आलेल्या या जागेत 2017 ते 2019 या काळात जीवसृष्टीची पाहणी झाली. भोवतालच्या रानापेक्षा आणि कुरणापेक्षा कीटक-पाखरांची विविधता फुलबागेतच अधिक दिसली. वर्षभर काही ना काही फुललेलं आणि आसऱ्याला जुन्या भिंतींच्या भेगा. जुनं आणि नवं शेजारी नांदलं, की असं होतं.

आपल्याकडे कोकणात, देशावर कितीतरी जुनी घरं आज वारसांच्या हाती येत आहेत. पहिला घाला पडतो तो गोठ्यावर आणि खळ्यावर, कारण तिथे लॉन हवं असतं. जेसीबी बोलावण्याआधी एकदा त्या खळ्यात उभं राहून पाहावं. वारा कुठून अडतो, ऊन कुठे टिकतं, पाणी कुठे मुरतं, हे आधीच्या माणसांनी जोखून ठेवलेलं असतं. त्यात लावायचं काय, ते मात्र आपण ठरवावं. कर्दळसुद्धा चालेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)