मॉडेल रेल्वे : वाघिणींची देवघेव आणि इंजिनांची जुळणी

मॉडेल रेल्वेवरील मालगाडीला कोणत्या कंपनीचे इंजिन जोडायचे, हे त्या ठिकाणी, त्या काळी प्रत्यक्षात होणाऱ्या वाघिणींच्या देवघेवीवरून ठरवण्याची पद्धत. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेत रुजली. तेथील रेल्वेजाळे अनेक खाजगी कंपन्यांत वाटलेले असले, तरी माल एकाच वाघिणीतून अनेक कंपन्यांच्या रुळांवरून जात असे.

हे शक्य होण्यासाठी रुळांचे माप सारखे असावे लागते. दक्षिणेकडील रेल्वेंनी १८८६ मध्ये आपले रुंद मार्ग सरकवून उत्तरेच्या मापाशी जुळवून घेतले. १८९३ च्या सुरक्षा कायद्याने स्वयंचलित कपलिंग आणि हवेचे ब्रेक सक्तीचे केले. आपल्याकडे मनमाडला ब्रॉडगेज आणि मीटरगेज भेटत, तेव्हा माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. अमेरिकेत भरलेली वाघीणच पुढच्या कंपनीच्या ताब्यात जाई. मध्यरात्री ती ज्या कंपनीच्या मार्गावर उभी असेल, त्या कंपनीला मालक-कंपनीला दिवसाचे भाडे द्यावे लागे. त्यामुळे बारा वाजायच्या आत परक्या वाघिणी पुढे ढकलण्याची घाई असे, आणि मॉडेलवर गाड्या चालवणाऱ्यांनी हा तपशील आवर्जून उचलावा असा आहे.

इंजिनाचे तसे नव्हते. त्याची देखभाल, पाणी, कोळसा, मार्ग ओळखणारे चालक हे सारे स्वतःच्या कंपनीकडे असल्याने ते सहसा हद्दीच्या यार्डातून परत फिरे. म्हणून एखाद्या मालगाडीत देशभरच्या कंपन्यांच्या वाघिणी शोभतात, पण इंजिन मात्र त्याच मार्गाचे हवे. नवशिक्यांच्या मांडणीत नेमके उलटे दिसते: आवडीची इंजिने दहा कंपन्यांची आणि वाघिणी एकाच कंपनीच्या.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘अल्फाबेट रूट’. शिकागो आणि सेंट लुईसकडून न्यूयॉर्क व न्यू इंग्लंडकडे माल नेण्यासाठी मध्यम आकाराच्या कंपन्यांनी मिळून ही साखळी उभी केली. निकेल प्लेट, व्हीलिंग अँड लेक एरी, पिट्सबर्ग अँड वेस्ट व्हर्जिनिया, वेस्टर्न मेरीलँड, रीडिंग आणि त्यापुढच्या कंपन्या तीत होत्या. त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. पिट्सबर्ग अँड वेस्ट व्हर्जिनियाचा मार्ग १९३१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कॉनेल्सव्हिलपर्यंत पोहोचला आणि साखळी पूर्ण झाली.

मांडणीसाठी कॉनेल्सव्हिल आणि १९५० हे साल निवडले, तर पश्चिमेकडून येणाऱ्या गाडीला पिट्सबर्ग अँड वेस्ट व्हर्जिनियाचे, फेअरबँक्स-मोर्सने बांधलेले एच२०-४४ डिझेल जोडता येते. दोन हजार अश्वशक्तीच्या या इंजिनात चालकाची केबिन अगदी एका टोकाला असते, त्यामुळे त्याची बाह्याकृती लांबूनही ओळखू येते. पूर्वेकडे नेणारे इंजिन वेस्टर्न मेरीलँडचे हवे : बाल्डविनने १९४०-४१ मध्ये बांधलेल्या बारा ‘चॅलेंजर’पैकी एखादे ४-६-६-४ चाकांचे वाफेचे इंजिन किंवा नव्याने येऊ लागलेले एफ७ डिझेल. निकेल प्लेटची सुप्रसिद्ध २-८-४ ‘बर्कशायर’ इंजिने येथे कितीही देखणी दिसली तरी बसत नाहीत. त्यांचे काम ओहायोत होते. तेथेही तारीख पाहावी लागते, कारण व्हीलिंग अँड लेक एरी ही डिसेंबर १९४९ मध्ये भाडेपट्ट्याने निकेल प्लेटकडे गेली आणि तिची २-८-४ इंजिनेही निकेल प्लेटची झाली.

वाघिणींची निवड त्यामानाने मोकळी आहे. बंद वाघिणी देशभर भटकत, म्हणून पेनसिल्व्हेनिया किंवा न्यूयॉर्क सेंट्रल यांसारख्या मोठ्या ताफ्यांच्या वाघिणी कोणत्याही मांडणीत जास्त असाव्यात. कोळशाच्या उघड्या वाघिणी बहुधा खाण ते गिऱ्हाईक एवढ्याच फिरत. चालवताना प्रत्येक वाघिणीसोबत एक कार्ड ठेवतात आणि त्यात माल, पाठवणारा, पोहोचण्याचे ठिकाण व मार्ग लिहिलेली चिठ्ठी खोचतात. त्या चिठ्ठीवर देवघेवीचे यार्ड नमूद असले, की इंजिन कुठे बदलायचे ते आपोआप कळते.

१९६० च्या दशकापासून हा नियम सैल झाला. वेळ वाचवण्यासाठी काही गाड्यांची इंजिने हद्दीवर न बदलता थेट पुढे जाऊ लागली आणि कंपन्या अश्वशक्ती-तासांत हिशेब करू लागल्या. त्या काळाच्या मांडणीत परके इंजिन जरूर जोडावे, मात्र त्या विशिष्ट मार्गाचे छायाचित्र किंवा वेळापत्रक हाती असावे. कॉनेल्सव्हिलची पश्चिम बाजू १६ ऑक्टोबर १९६४ रोजी नॉरफोक अँड वेस्टर्नकडे गेली. पूर्वेला वेस्टर्न मेरीलँडच राहिली.