व्यात्काच्या शिट्ट्या

रशियन भाषेत 'स्विस्तोप्ल्यास्का' असा एक शब्द आहे. धांगडधिंगा, सावळा गोंधळ, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी अवस्था, या अर्थाने तो आज वापरतात. शब्दाची फोड केली तर त्यात शिट्टी आहे आणि नाच आहे. पण ज्या सणावरून हा शब्द रूढ झाला, तो सण मुळात मेलेल्यांच्या आठवणीचा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर श्राद्धाचा. श्राद्धाच्या दिवशी शिट्ट्या का वाजवायच्या, आणि त्या शिट्ट्या करणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

मॉस्कोहून पूर्वेकडे रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, व्यात्का नदीच्या उंच काठावर एक शहर आहे. आधी त्याचं नाव ख्लिनोव होतं, १७८० मध्ये ते व्यात्का झालं आणि १९३४ पासून ते किरोव आहे. दंतकथा १४१८ सालची सांगतात. शेजारच्या उस्त्यूग शहराचे लोक ख्लिनोवच्या मदतीला आले. रात्र होती. ख्लिनोवकरांना वाटलं, शत्रूच चालून आला. अंधारात तुंबळ लढाई झाली. सकाळी उजाडल्यावर कळलं की आपण आपल्याच माणसांना मारलं. मेलेल्यांना शहरातल्या एका घळीजवळ पुरलं, असं सांगतात, आणि त्यांच्यासाठी दरवर्षी प्रार्थना होऊ लागली.

या कथेत इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. सण मात्र खराच होता. ईस्टरनंतरच्या चौथ्या शनिवारी सकाळी घळीजवळ मृतांसाठी प्रार्थना व्हायची. ती आटोपली की तिथेच जत्रा भरायची. मुलं-मोठी सगळी मातीच्या शिट्ट्या फुंकत फिरायची, उतारावरून मातीचे गोळे सोडले जायचे, पुरुषांच्या मुठींच्या मारामाऱ्या रंगायच्या. व्यात्कात हद्दपार होऊन आलेला जनरल खित्रोवो याने १८११ मध्ये या सणाचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात त्या दिवसासाठी मातीच्या बाहुल्या घडवून रंगवणाऱ्या आणि त्यांना सोनेरी करणाऱ्या बायकांचा उल्लेख आहे. या बायका नदीपलीकडच्या द्यम्कोवो वस्तीतल्या. 'द्यम' म्हणजे धूर.

द्यम्कोवो सखल काठावर आहे. वसंतात बर्फ वितळलं की तिथे पाणी शिरायचं. माती आणि रेती दोन्ही हाताशी होती, आणि हिवाळा लांबलचक. खेळणी करणं हे बायकांचं काम, आईकडून मुलीकडे जाणारं. तांबडी चिकणमाती बारीक नदीच्या रेतीबरोबर मळायची. पोळीच्या लाट्या करतो तसे गोळे करायचे. लाटी थापून तिला शंकूसारखा आकार दिला की बाईचा घागरा झाला. मग डोकं, हात, टोपी, कडेवरचं मूल, छत्री असं एकेक ओल्या बोटाने चिकटवत जायचं. साचा नाही, चाकही नाही. वाळलं की घरातल्या मोठ्या चुलीत भाजायचं. साय काढलेल्या दुधात खडू कालवून त्यावर पांढरा हात द्यायचा. दुधातलं प्रथिन खडू धरून ठेवतं, त्यामुळे तो बोटाला लागत नाही. मग अंड्यात खललेले रंग: किरमिजी, हिरवा, निळा, नारिंगी, काळा. ठिपके, वर्तुळं, चौकटी, पट्टे. ब्रश म्हणजे टोकाला चिंधी गुंडाळलेली काडी. शेवटी सोनेरी वर्खाचे बारीक चौकोन.

हे वाचून लक्षात येईल की या खेळण्यांचं बरंचसं रूप साधनांनी ठरवलंय. काडी-चिंधीने नाजूक डोळे-भुवया रंगवता येत नाहीत, पण ठिपका झकास उमटतो. मातीची बाई बारीक पायांवर उभी राहत नाही, घेरदार घागऱ्यावर मात्र ठामपणे उभी राहते. एकोणिसाव्या शतकात शहरी बायकांत फुगीर घागऱ्यांची फॅशन आली, तेव्हा तो घेर या कारागिरांच्या पथ्यावरच पडला. नदीपलीकडच्या शहरातल्या सरदारणी, अधिकाऱ्यांच्या बायका, त्यांच्या टोप्या आणि कुत्री, सगळं मातीत उतरलं, थोडं फुगवून, थोडी टिंगल करत. त्यांच्याच शेजारी कावड वाहणाऱ्या पाणक्या बायका आणि बाळ सांभाळणाऱ्या दाया. आणि लोककथांतले प्राणी: वाद्य वाजवणारं अस्वल, सोनेरी शिंगांचा मेंढा, पिसारा फुलवलेला टर्की. लहान प्राण्यांच्या पोटात पोकळी आणि शेपटीकडे फुंकायची जागा, म्हणजे तीच शिट्टी. या वस्तू जपून ठेवायला केलेल्या नव्हत्या. जत्रेत घ्यायच्या, दिवसभर वाजवायच्या आणि फुटल्या की टाकून द्यायच्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी एकदम घडल्या. सणातली मृतांची आठवण विरत गेली आणि नुसती जत्रा उरली. आणि बाजारात साच्यातली प्लॅस्टरची खेळणी आली, स्वस्त, गुळगुळीत, एकासारखी एक. शाडू आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस यांचा वाद दर गणपतीत ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना पुढचं सांगायला नको. द्यम्कोवोतल्या घरांनी एकेक करून काम सोडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या पद्धतीने सातत्याने खेळणी घडवणारी जवळजवळ एकच बाई उरली होती, आन्ना मेझ्रिना. तिचा जन्म १८५३ चा.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक काळा विनोद आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रकल्प ठप्प होईल, तो आकडा म्हणजे बस फॅक्टर. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते. मग घाईघाईने त्या माणसाकडून सगळं लिहून घ्यायची मोहीम निघते. 'लोकपरंपरा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हजारो हात येतात, आणि असं काही मरत नसतं, असं आपण धरून चालतो. द्यम्कोवोच्या परंपरेचा बस फॅक्टर काही वर्षं एक होता, आणि तो एक म्हणजे साठीतली एक म्हातारी.

लिहून घ्यायला आला तो अलेक्सेई देन्शिन, व्यात्काचाच तरुण चित्रकार. त्याने मेझ्रिनाचं काम पाहिलं, खेळणी जमवली, चित्रं काढली आणि १९१७, १९१९ आणि १९२६ मध्ये त्यांची पुस्तकं काढली. छापलेल्या रेषांत तो हाताने रंग भरायचा. म्हणजे साच्याने मारलेल्या कलेची नोंदही त्याने हातानेच केली. मधल्या काळात क्रांती झाली, यादवी युद्ध झालं, दुष्काळ पडला. मातीच्या बाहुल्यांची काळजी करण्याचे ते दिवस नव्हते. तरीही तो करत राहिला.

पण दस्तऐवजाची एक मर्यादा असते, आणि ती आम्हाला रोज भेटते. चित्रात घागऱ्यावरचे ठिपके दिसतात, माती किती ओली असताना हात चिकटवायचा ते दिसत नाही. ते शिकायला शेजारी बसावं लागतं. १९३३ मध्ये व्यात्कात खेळण्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिच्यात ऐंशीची मेझ्रिना होती, तसंच येलिझावेता कोश्किना आणि येलिझावेता पेन्किना होत्या. मेझ्रिना १९३८ मध्ये गेली, तेव्हा तिची मुलगी ओल्गा कोनोवालोवा हे काम करत होती. पुढच्या दशकांत कारखाना-शाळेच्या धर्तीवर नव्या मुली शिकत गेल्या. आकडा एकावरून पुष्कळ वर गेला.

आता अवघड प्रश्न. जे वाचलं, ते तेच आहे का?

देव न मानणाऱ्या सरकारला मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस नको होता, मातीच्या बाहुल्या मात्र हव्या होत्या, कारण त्या 'लोककला' म्हणून प्रदर्शनांत मांडता येत होत्या. जत्रेत फुटण्यासाठी जन्मलेली वस्तू काचेच्या कपाटात गेली. शिट्टीचं शिल्प झालं. कारागिरांनी सर्कस, परीकथा, लग्नं असे अनेक आकृत्यांचे मोठे देखावे घडवले. ते सुंदर आहेत, पण ते कुणी फुंकत नाही. आणि आज आपण ज्याला 'अस्सल द्यम्कोवो' म्हणतो, त्यातलं बरंच काही मेझ्रिनाच्या आठवणीतून आणि देन्शिनच्या निवडीतून आलेलं आहे. इतर घरांच्या नकला, इतर बायकांच्या खोड्या किती होत्या, ते त्या बायकांबरोबर गेलं.

तरीही मला हे नुकसानच वाटतं असं नाही. युरी वास्नेत्सोव हा सोव्हिएत बालपुस्तकांचा मोठा चित्रकार १९०० मध्ये याच व्यात्कात जन्मला. त्याच्या मांजरी, अस्वलं आणि कोंबड्यांवर द्यम्कोवोच्या मातीचे रंग आहेत. मॉस्कोत छापलेली रंगीत बालपुस्तकं एके काळी मराठीतही यायची, आणि कित्येक घरांत आई-मावशीच्या लहानपणीची ती पुस्तकं अजून सापडतात. त्या पानांवर ठिपक्यांचा झगा घातलेलं एखादं जनावर दिसलं, तर त्या रंगांचा उगम कदाचित एखाद्या काडीला गुंडाळलेल्या चिंधीत असेल.

गेलं ते वेगळंच. वर्षातून एकदा अख्खं शहर घळीजवळ जमून कबूल करायचं की आपण अंधारात आपल्याच माणसांना मारलं, आणि मग मुलांच्या हातात शिट्टी द्यायचं. देन्शिनला ते चित्रात धरता येणं शक्य नव्हतं, मेझ्रिनाला ते एकटीने करता येणं शक्य नव्हतं. त्यासाठी अख्खं गाव लागतं. आज उरलंय ते मेंढ्याच्या पोटातलं पोकळ छिद्र. किरोवमधल्या बायका लहान खेळण्यांत ते अजूनही पाडतात, आणि शेपटीकडून फुंकलं तर ते अजूनही वाजतं.