प्रशिक्षकाची पत्रकार परिषद

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल लंबगोल चेंडूने, बहुतांशी हातांनी खेळला जातो. मोसमात मुख्य प्रशिक्षक दर आठवड्याला पत्रकारांसमोर बसतो; कोण जखमी, कोण संघात, पराभव कशाने, सगळ्याबद्दल तिथे प्रश्न विचारले जातात. २००७ मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक माइक गंडी सामन्यानंतरच्या परिषदेत आपल्या खेळाडूवरील लेखामुळे तो लिहिणाऱ्या पत्रकार महिलेवर भडकले. ती चित्रफीत देशभर गाजली.

आपल्या सातारा-सांगलीकडे मात्र असा साप्ताहिक रिवाज नाही. इथे गुरूंचे नाव छापून येते ते बहुधा शिष्याच्या पदकाबरोबर.

सांगलीच्या संकेत सरगरने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्य जिंकले. सुवर्ण एका किलोने हुकले. तेव्हा प्रशिक्षक मयूर सिंहासने यांच्याकडे बातमीदार वळले. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याजवळच्या शेरेवाडीची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. दोघांचे साताऱ्यातील प्रशिक्षक प्रवीण सावंत पोलीस दलातले.
— संपादक